मागच्या चाकांवरचं वजन

पहिल्याच भेटीत काकांनी मला विचारलं, "वजन किती तुझं?"

कॉव्हेंट्रीजवळच्या त्या गल्लीत मी नुकतीच भाड्याने राहायला आले होते. शेजारी मराठी कुटुंब आहे असं कळलं म्हणून नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी होते. मी काही बोलायच्या आत काकांनीच उत्तर दिलं. "अडुसष्ट. कोट धरून सत्तर." आतून काकू ओरडल्या, "अहो, तिला आत तरी येऊ द्या!" काका जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ होते. माणूस समोर आला की हा किती किलोचा आणि याला किती औषध लागेल, हे गणित त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ते दाराशी उभे असले की निम्म्या बायका बाजूच्या दाराने आत शिरत. निवृत्तीनंतर त्यांच्या हातातली औषधं गेली, पण माणसाला झोपवायचं कसब गेलं नाही. त्यासाठी त्यांचं बोलणं पुरेसं होतं.

बोलण्याचा विषय एकच: ट्रॅक्टर. आमची गल्ली म्हणजे चढावरची पाच घरं. रस्ता खाजगी, त्यामुळे कौन्सिलची, बर्फ वितळायला मीठ टाकणारी गाडी खालच्या मेन रोडवरूनच निघून जायची. बर्फ पडायचा तो वर्षातून एखाद-दोन दिवस, आणि दुपारच्या चहापर्यंत त्याचं पाणी झालेलं असायचं. एवढ्याशा शत्रूसाठी काकांनी जय्यत तयारी केली होती. वर बसून गवत कापायचा एक सेकंडहँड गार्डन ट्रॅक्टर आणि त्याच्या नाकावर बसवलेलं चार फुटी पिवळं लोखंडी पातं. त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा नियम होता. काकूंनी एकदा तिच्यावर धुतलेल्या चादरींची बास्केट ठेवली, तर घरात दोन दिवस अबोला होता.

पहिल्या हिवाळ्यात दोन बोटं बर्फ पडला. काका हेल्मेट घालून निघाले आणि पातं उचलून जेमतेम चढाच्या टोकाशी पोचले. पातं खाली टेकलं, इंजिन गरजलं, मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, आणि ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी अतिशय सभ्यपणे, तिरका होत, मागे घसरत गेला. थांबला तो जीनच्या फुलझाडांत. जीन म्हणजे गल्लीच्या वरच्या टोकाला एकटी राहणारी, ऐंशी ओलांडलेली, लॅटिन शिकवून निवृत्त झालेली बाई. ती ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचं यंत्र माझ्या गुलाबांत आहे." काका म्हणाले, "टेम्पररी!" ते दोन तास तिथेच होतं.

त्यानंतर काकांनी वजनाचा ध्यास घेतला. जवळच्या शेतावर यंत्रं दुरुस्त करणारा कीथ नावाचा एक माणूस होता. तो दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. त्यातली तीन त्याने काकांना दिली: वजन मागच्या आसाच्या मागे टाका. टायरना साखळ्या घाला. टायरमध्ये पाणी भरणार असाल तर न गोठणारं भरा. काकांनी तिन्ही ऐकली आणि आठवड्याभरात ती त्यांची स्वतःची झाली. "ताकद इंजिनात नसते," ते मला कुंपणावरून सांगायचे, "टायर जिथे जमिनीला टेकतो ना, तिथे असते. तेवढ्या वितभर जागेत. बाकी सगळा आवाज!" मग मागच्या चाकांना लोखंडी चकत्या लागल्या. टायरमध्ये गाडीच्या काचा धुवायचं, न गोठणारं निळं पाणी गेलं. मागे एक लाकडी खोकं आलं, त्यात वाळूच्या पिशव्या, मुलीचे जुने डंबेल्स, आणि शेवटी काकूंचा पाटा-वरवंटा. काकूंनी लग्नानंतर तो विमानातून आणला होता, चटणीसाठी.

वजन झालं, पण बर्फ येईना. नोव्हेंबरात पाऊस मात्र मुबलक आला. ट्रॅक्टर शेडमध्ये नेताना काकांनी लॉनवरून शॉर्टकट घेतला आणि तो पाट्या-वरवंट्यासकट आसापर्यंत चिखलात रुतला. कीथने आपला खरा ट्रॅक्टर आणून तो ओढून काढला. लॉनवर दोन चर पडले होते, त्यांत एखादं बदक सुखाने राहिलं असतं. कीथने एकदा त्या चरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वजन भरपूर आहे, डॉक्टर. आता बर्फाचं तेवढं बघा."

याने खचतील तर ते काका कसले. मंडळाने दिवाळीला त्यांना 'हृदयाची काळजी' या विषयावर बोलायला बोलावलं. त्यांनी पहिली पाच मिनिटं हृदयाला दिली आणि उरलेली चाळीस मागच्या चाकांना, स्लाइड्ससकट. फराळ बाहेर थंड होत होता. मी पहिल्या रांगेत होते आणि उघड हसले, तेही त्यांनी पाहिलं. पुढे माझं प्रमोशन हुकलं तेव्हा मी काकूंपाशी रडायला गेले होते. काका पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "तुझं काय होतं मेधा, इंजिन मोठं आहे, पण पकड नाही." त्या दिवशी मला त्यांच्या टायरमधलं निळं पाणी सोडून द्यावंसं वाटलं होतं. घरी जाऊन मी नवऱ्यापुढे त्यांची हुबेहूब नक्कल केली. पुढे ती मी ऑफिसातल्या मराठी ग्रुपमध्येही करू लागले. लोक पोट धरून हसायचे.

आणि तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ आला. खरा, घोटाभर. सकाळी पडदा उघडला तर काका आधीच गल्लीत होते. साखळ्या खणखणत होत्या, मागचं खोकं डुलत होतं, आणि पात्यापुढून बर्फ खरोखर बाजूला पडत होता. बेकरीतला पाव कापावा तसा. मी खिडकीत चहा घेऊन उभी राहिले. एवढा आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते जरा टोचलंच. नक्कल करायला काही उरलं नसतं.

त्यांचा एक तृतीयांश रस्ता झाला असेल, तेवढ्यात काकू शाल गुंडाळून गेटपाशी आल्या. "अहो! जीन पडलीय. दारापुढच्या पायरीवर, कचऱ्याचा बिन ठेवायला गेली होती. फोन खिशात होता म्हणून बरं. पाय हलवता येत नाही म्हणते."

काकांनी इंजिन बंद केलं. "अँब्युलन्स?"

"तिनेच बोलावलीय. दीड तास तरी लागेल म्हणाले. आणि वर चढवता येईल की नाही, सांगता येत नाही म्हणाले."

मी बूट घालून बाहेर धावले होते. काकांनी गल्लीकडे वर पाहिलं, मग खाली पाहिलं. मग ते सीटवरून उतरले, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालव."

"मी?"

"मग काय काकू चालवेल? तुझं वजन माझ्यापेक्षा सहा किलोने जास्त आहे, पकड बरीच मिळेल. वर जाताना रिव्हर्सने जा, पातं उचलून. ढकलायचं ते फक्त उतारावर. घाई करू नकोस."

"काका, तुम्ही चालवा ना, मी जाते जीनकडे. तुम्ही तीन वर्षं..."

"तू जाऊन काय करणार आहेस?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, साधी चौकशी होती. मग घरातून आणलेल्या दोन रजया खांद्यावर टाकून, एका हातात काकूंची काठी घेऊन, पंच्याहत्तरीचा तो माणूस बर्फातून वर चालायला लागला. मागे वळून त्याने ट्रॅक्टरकडे एकदाही पाहिलं नाही.

मी चालवला. पहिल्यांदा फुलझाडांत जाता जाता वाचले, मग जमलं. रिव्हर्सने वर, पातं खाली, ढकलत खाली. चाकं एकदाही जागच्या जागी फिरली नाहीत. जीनच्या गेटपाशी पोचले तेव्हा मला ते दोघं दिसले. काका जमिनीवर, बर्फातच, वाऱ्याला पाठ करून बसले होते. जीनचं डोकं दुमडलेल्या रजईवर होतं. त्यांच्या एका हाताची बोटं तिच्या मनगटावर, दुसरा हात कपाळावर. ते काहीतरी बोलत होते, इतक्या हळू आवाजात की त्यांना असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मी मुद्दाम इंजिनचा आवाज वाढवला, रस्ता झाला हे कळावं म्हणून. त्यांनी न बघता तळवा वर केला. गप्प बस, असा.

अँब्युलन्स सरळ गेटपर्यंत आली आणि जीनला घेऊन गेली. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण ती वेळेत पोचली. काकांना उठवायला मला हात द्यावा लागला. त्यांचे गुडघे वळत नव्हते. मी म्हणाले, "काका, रस्ता बघितलात का?" त्यांनी बघितला. "गेटपाशी खडी उचलली आहेस. पातं अर्धा इंच वर ठेवायचं असतं. सांगितलं होतं मी." सांगितलं नव्हतं. दुपारी ऊन पडलं आणि सगळा बर्फ गटारातून वाहून गेला.

पुढे मंडळात काका ही गोष्ट रंगवून सांगायचे. साखळ्या कशा धरल्या, खोकं कसं कामाला आलं, "आम्ही चाळीस मिनिटांत रस्ता मोकळा केला." सांगण्यात सीटवर तेच असायचे. जीनपाशी बसल्याचा भाग ते गाळून टाकायचे. बहुधा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसावं. मी कधी दुरुस्ती केली नाही. नक्कल करणं मात्र थांबवलं.

पुढच्या हिवाळ्याआधीच, ऑक्टोबरात, काका गेले. हृदयानेच. अंत्यविधीनंतर कम्युनिटी हॉलमध्ये मंडळी जमली होती. एकेक जण उठून मराठीत बोलत होता: काकांनी ट्रॅक्टरवर बसून एका म्हाताऱ्या शेजारणीचे प्राण वाचवले. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. ती शेजारीण वॉकर घेऊन माझ्या बाजूला बसली होती.

"काय म्हणताहेत?" जीनने विचारलं. मी सांगितलं.

"नॉन्सेन्स," ती म्हणाली. "तो ट्रॅक्टरवर नव्हताच. माझ्याजवळ होता." मग म्हणाली, "असह्य माणूस. मला वाटलं, आता पडल्यापडल्या चाकांवरचं व्याख्यान ऐकावं लागणार. त्याने मला लॅटिनची क्रियापदं म्हणायला लावली. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्याला लॅटिनचं ओ का ठो येत नव्हतं, पण मी कधी चुकते ते कळत होतं. माझा आवाज बदलायचा म्हणे. दीड तास. ट्रॅक्टरचं नावसुद्धा काढलं नाही."

पुढे कुणीतरी पुन्हा खोक्याबद्दल आणि साखळ्यांबद्दल बोलायला लागलं होतं.

"हे उभं राहून सांगायचं असेल," जीनने विचारलं, "तर इथे कुणाची परवानगी लागते का?"

मी उठले, तिचा वॉकर तिच्यापुढे ठेवला, आणि बोलणाऱ्या गृहस्थांना म्हणाले, "अहो, जरा थांबता का? यांना बोलायचंय."