चौकशी करून सांगणारा बाप

विलासला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडात दोन रिबिनी होत्या आणि हातात स्टीलची सहा इंची पट्टी. सकाळचे पावणेसात वाजले असतील. बडोद्याला, गोत्रीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटवर पाच वर्षांची एक मुलगी बसली होती आणि हा उंच, मिशाळ माणूस तिच्या डोक्यावर पट्टी धरून भांग पाडत होता. मुलगी काही स्थिर बसेना. कावळा ओरडला की मान डावीकडे, दूधवाला आला की उजवीकडे. प्रत्येक वेळी तो रिबिनी न काढताच "माप गेलं" असं पुटपुटायचा, केस मोकळे करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला राहवलं नाही. हे काम घरात का करत नाही, असं मी विचारलं. त्याने रिबिनी हातात घेतल्या आणि कार्यालयात चौकशीला आलेल्या बाईला द्यावं तसं उत्तर दिलं. "घरात ती पळते. इथून तिला उतरता येत नाही."

"मला येतं," मुलगी म्हणाली.

त्याने मान डोलवली. "बरोबर. उतरता येतं. पण उतरली की गुडघा फुटतो. मंगळवारी फुटला होता."

ती रेवा, आणि हा तिचा बाप विलास घाटगे. आठवड्यापूर्वीच ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. विलासचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून घराणं इथलंच. विलास मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. तयार झालेले सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचे, हे त्याचं काम. बायको सुनंदा नर्स. तिची ड्यूटी सकाळची, याची दुसरी पाळी. त्यामुळे उठवणं, वेणी, डबा, शाळेत सोडणं, आणणं, जेवू घालणं हे सगळं विलासकडे. दुपारी दोनला त्याची कंपनीची बस यायची आणि सुनंदा परतायची तीनला. मधला तास रेवा माझ्याकडे असायची. मी वाचनालयातून निवृत्त झालेली, एकटी बाई. एका तासाने काय होतंय, असं वाटून मी हो म्हटलं. त्या एका तासात माझ्या घरातल्या दोन बरण्या, एक चष्मा आणि दुपारची झोप कायमची गेली.

रेवा बोलायची, म्हणजे बोलतच राहायची. घरी मराठी, खाली खेळताना गुजराती, शाळेतली इंग्रजी, आणि चिडली की हिंदी. आणि प्रश्न. पालीला कान असतात का? मुंगी झोपते का? भेंडी चिकट आहे हे भेंडीला माहीत असतं का? बाकीचे बाप अशा वेळी काहीतरी ठोकून देतात. विलासचं उत्तर ठरलेलं असायचं: "माहीत नाही. चौकशी करून सांगतो."

आणि तो खरोखर चौकशी करायचा. कंपनीच्या बसमध्ये पंचवीस माणसांना मुंगीच्या झोपेबद्दल विचारून झालं. पाणघोडा पाण्यात डोळे उघडे ठेवून झोपतो का, हे विचारायला तो सुट्टीच्या दिवशी कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि पिंजऱ्याशी काम करणाऱ्या माणसाच्या मागे मागे अर्धा तास फिरला. मग तीन-चार दिवसांनी, रेवा स्वतः प्रश्न विसरून गेलेली असताना, जिन्यात तिला थांबवून तो सांगायचा, "ते पालीचं. कान असतात. बाहेर दिसत नाहीत, नुसतं भोक असतं." रेवा गंभीरपणे मान डोलवायची आणि नवा प्रश्न विचारायची.

एकदा तिने विचारलं, की देव मराठी आहे की गुजराती. घरी आरती मराठीत आणि सोसायटीतली गुजरातीत, तेव्हा त्याला नेमकं कळतं काय? विलासने नाक्यावरच्या देवळातल्या पुजाऱ्यांना गाठलं. पुजाऱ्यांनी सांगितलं, देवाची भाषा संस्कृत. ते ऐकून रेवाचा चेहरा उतरला. आजवर सायकल मागितली, दात लवकर येऊ दे म्हटलं, सगळं मराठीतच मागितलं होतं. विलास दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळात गेला. परत येऊन त्याने सांगितलं, की महाराजांनी उत्तरात दुरुस्ती केली आहे, देवाला सगळ्या भाषा येतात. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे तू आपल्या मनाने सांगितलंस ना? त्याला वाईट वाटलं. "नाही मावशी. मी खरंच परत गेलो होतो. ते जरा चिडले होते."

मुलीशी खोटं बोलायचं नाही, हा त्याचा नेम होता. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टर रेवाला म्हणाले, काही दुखणार नाही हं बेटा. विलास मध्येच म्हणाला, "दुखेल. सात आकडे मोजेपर्यंत. मग कमी होतं." डॉक्टरांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. रेवाने सात आकडे मोजले, सातव्यानंतर रडणं थांबवलं आणि दवाखान्यातल्या बाकीच्या मुलांना बाहेर जाऊन ही बातमी दिली. त्यानंतर तिथे एकच गोंधळ झाला असं सुनंदाने मला सांगितलं. हसू आवरत नव्हतं तिला.

नवरात्रातलं त्याचं शिक्षण तर सगळ्या सोसायटीने पाहिलं. रेवा सहा वर्षांची असताना तिने जाहीर केलं, की ती गरबा पप्पांबरोबरच खेळणार. विलास आयुष्यात कधी नाचला नव्हता. चालायचा तेही कवायतीला चालल्यासारखा. त्याने तळमजल्यावरच्या हंसाबेनना विनंती करून तीन टाळ्यांच्या गरब्याची पावलं शिकून घेतली आणि पार्किंगच्या फरशीवर खडूने ती आखली. डावा पाय कुठे, उजवा कुठे, वळायचं कुठे, सगळं बाणांसकट. संध्याकाळी बायका ओट्यावर बसून तोंडाला पदर लावून हसायच्या. तो आकडे मोजत, खाली बघत पावलं टाकायचा आणि रेवा पुढे उभी राहून ओरडायची, "पप्पा, हात! हात विसरलास." चौथ्या दिवशी सोसायटीतली सगळी पोरं त्या खडूच्या खुणांवरून फिरत होती. नवव्या दिवशी हंसाबेननी त्याला मोठ्या गोलात ओढलं. तिथे खुणा नव्हत्या. तो दोन फेऱ्या चुकला, तिसऱ्या फेरीत जमला आणि मग थांबेचना. घामाने शर्ट भिजला होता, मिशी हसत होती. रेवा त्याच्या खांद्यावरून सगळ्यांना सांगत होती, की हे माझे पप्पा आहेत. जणू कोणाला शंका होती.

रेवा आठ वर्षांची झाली त्या वर्षी विलासचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलतो म्हणून बसला असेल. दोन महिने झाले तरी सुटेना. सुनंदाने जबरदस्तीने तपासून घेतलं, तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढायची आणि तपासायला पाठवायची, असं ठरलं. रेवाला काय सांगायचं, यावर नवराबायको माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलले. सुनंदाचं म्हणणं, आहे ते सांगू. आणि तिथे विलासने, त्या नेमाच्या माणसाने, मान खाली घालून सांगितलं, "राजकोटला ट्रेनिंगला गेलोय म्हणून सांगा. चार दिवस." पुढचे तीन दिवस राजकोटबद्दलच्या तिच्या प्रश्नांना मीही उत्तरं देत राहिले.

चौथ्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुलीने तिला सांगून टाकलं. त्या मुलीची आई सुनंदाच्याच हॉस्पिटलात होती. रेवा शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि गप्प बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. विलास त्याच संध्याकाळी घरी आला, तर ती माझ्याकडून समोरच्या दारात पाऊल टाकायला तयार नाही. आईने समजावलं, रागावून पाहिलं. त्या रात्री ती माझ्याच घरी निजली. दुसरा दिवसही तसाच गेला. डॉक्टरांनी विलासला पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं होतं. उत्तरं देणाऱ्याचं तोंड बंद, आणि प्रश्न विचारणारीने आपण होऊन बंद केलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. हातात रेवाची जुनी पाटी होती. ती जमिनीवर चित्र काढत बसली होती. तो समोर मांडी घालून बसला, पाटीवर लिहिलं आणि पाटी तिच्याकडे सरकवली. त्याचं अक्षर छापल्यासारखं. मराठी वाचायला तिला त्यानेच शिकवलं होतं. मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं: "मी खोटं बोललो."

रेवाने वाचलं आणि पाठ फिरवली.

त्याने पुसून पुन्हा लिहिलं, की राजकोटला गेलो नव्हतो, घशात गाठ होती, ती काढली. पाटी वळसा घालून तिच्यासमोर नेऊन ठेवली.

"मला माहितीये," ती म्हणाली. दोन दिवसांतले तिचे पहिले शब्द. "पण तू का खोटं बोललास?"

विलासने पाटी पुसली. मग बारीक अक्षरात लिहीत गेला, पाटी भरेपर्यंत. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई दवाखान्यात वारली होती. घरच्यांनी त्याला सांगितलं, आई मामाकडे गेली आहे. तो रोज शाळेतून येऊन फाटकाशी बसायचा. किती दिवस, ते त्याने लिहिलं नव्हतं; पाटीवर जागा उरली नव्हती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रेवाचं वाचून झाल्यावर त्याने ते पुसलं आणि शेवटची ओळ लिहिली: "घाबरलो, आणि मी पण तेच केलं."

रेवाने ते दोनदा वाचलं. मग अगदी सरळ विचारलं, "तू मरणार आहेस का?"

मी खुर्चीतून उठले. असं काही विचारू नये, हे माझ्या ओठावर होतं. विलासने हाताने मला थांबवलं आणि लिहिलं, "माहीत नाही. गाठ तपासायला दिली आहे. सोमवारी कळेल."

"मग सोमवारी मी पण येणार."

"ये," त्याने लिहिलं. ती उठून त्याच्या मांडीवर जाऊन बसली, आठ वर्षांची, लांब पायांची मुलगी, मावत नव्हती तरी.

सोमवारी डॉक्टर सुनंदाशी इंग्रजीत बोलायला लागले तेव्हा रेवाने त्यांना गुजरातीत सांगितलं, की खरं असेल ते मलाही सांगा, आमच्या घरात चालतं. भला माणूस. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि कागदावर घसा काढून दाखवला. गाठ साधी होती. पुन्हा होऊ नये म्हणून आवाज जपायचा, बस. ती गाठ बघायला मिळेल का, असं रेवाने विचारलं. नाही म्हटल्यावर तिची थोडी निराशा झाली.

मौनाचे दहा दिवस अजून बाकी होते. ते रेवाने गाजवले. बापाचा आवाज आपण, असं तिने ठरवून टाकलं. भाजीवालीसमोर विलास भेंडीकडे बोट दाखवायचा आणि ही सांगायची, "पप्पा म्हणतात, भेंडी नको, बटाटे द्या." तो जोरजोरात मान हलवायचा. "पप्पा म्हणतात, अजिबात नको." शेजाऱ्यांना तिने सांगितलं, की पप्पांचं मत आहे मुलांनी शनिवारी अंघोळ करू नये. एकदा कारखान्यातून साहेबांचा फोन आला, काही माल पुढे पाठवायचा की नाही असा प्रश्न होता. रेवाने फोन घेतला. "पप्पांना बोलायला मनाई आहे. मला सांगा, मी चौकशी करून सांगते." तिने ऐकलं, बापाकडे पाहिलं आणि कळवलं, "पप्पा नाही म्हणतायत. तीनदा." तो माल थांबला म्हणे.

आवाज परत आला तो जरा घोगरा, बारीक झालेला. रेवाला तो आवडला नाही आणि तिने तसं सांगितलं. त्याला राग आला नाही. मलाही सवय व्हायची आहे, एवढंच म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी सुनंदाला नवीन हॉस्पिटलात काम मिळालं आणि त्यांनी समा भागात घर घेतलं. गाव तेच बडोदं, पण पार दुसऱ्या टोकाला. सामानाचा टेम्पो भरला. रेवा माझ्या कमरेला मिठी मारून रडत होती, आणि रडता रडता सांगत होती, की आजी, आम्ही दर रविवारी येणार, दर रविवारी. सुनंदाही येऊच की म्हणाली. मी विलासकडे पाहिलं आणि विचारलं, "येणार ना रे खरंच?"

त्याने टेम्पोची दोरी सोडली. नेहमीसारखा विचार केला.

"सुरुवातीला दर रविवारी येऊ, मावशी. मग कमी होईल. तिची शाळा, माझी पाळी, असं काहीतरी निघेल. तुम्ही स्वयंपाक करून वाट बघत बसू नका. यायचं असलं की मी सकाळी फोन करीन."

रेवाने रडणं थांबवून बापाला एक चापट मारली. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी तो माणूस आवडला नाही.

झालं मात्र तसंच. तीन महिने दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. फोन आला नाही की मी माझ्यापुरता वरणभात टाकते, पुस्तक घेऊन पडते आणि दुपारी झोपतेही. कोणी आपल्याला विसरलं, असं एकदाही मनात येत नाही. आणि सकाळी फोन वाजला, पलीकडून तो घोगरा आवाज "मावशी, निघतोय" म्हणाला, की मी आधी उठून बरण्या वरच्या फळीवर ठेवते.