दाजीच्या गाडीची किरकिर

सगळी गल्ली त्याला कानसेन म्हणायची. गाडी कोपऱ्यावर असतानाच हा मिस्त्री गॅरेजमधून ओरडायचा, "अरे, बेअरिंग गेलंय तिचं, पळवू नकोस!" फालतू आवाज त्याला सहनच होत नसे. डोकंही भलतंच गरम. पाना निसटला तर पान्यालाच भिंतीवर आपटायचा. माणसांवरही सहज हात टाकायचा. फक्त एकावर टाकत नव्हता, आणि नेमका तोच मार खायच्या लायकीचा होता. त्याचा दाजी!

दाजी ताईला मारायचा. दोनदा कानसेननं त्याला भर रस्त्यात लोळवला, दुसऱ्यांदा तर दात पाडला. दोन्ही वेळा दाजीनं घरी जाऊन सगळं उट्टं ताईवर काढलं. शेवटी ताईनंच शपथ घातली. "बाळ्या, त्याला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. माझं मी बघते." झालं! तेव्हापासून दाजी दिसला की कानसेन हात खिशात घालायचा आणि आतल्या आत मुठी आवळायचा.

त्या नालायकाचा जीव होता तो त्याच्या जुन्या गाडीवर. गोल दिव्यांची, आजोबांच्या वेळची. बायकोच्या ओठातून रक्त आलं तरी हा ढिम्म, पण गाडीवर ओरखडा दिसला की रडकुंडीला यायचा.

एका सकाळी तो गाडी घेऊन आला. "मेव्हणे, हिची किरकिर थांबवा बुवा. दोन मिस्त्री झाले, आठवड्यात पुन्हा सुरू होते."

स्पीडोमीटरच्या मागून सतत किर्र-किर्र चालली होती, काटा दारू प्यायल्यासारखा डुलत होता. हाकलून द्यावं असं कानसेनला फार वाटलं. पण तो आवाज कानात घुसला होता. शिवाय म्हटलं, गाडी खूश तर हा खूश, तेवढाच ताईला आराम.

त्यानं मीटरमागून केबल सोडवली, आतली तार ओढून काढली. कोरडी ठणठणीत! ग्रीस असं पुसलेलं की बोटाला काळं लागेना. आणि इंजिनजवळ केबलची नळी कुणीतरी बारीक तारेनं बांधून कोपरासारखी दुमडून ठेवलेली. अशी दुमडल्यावर ती रडणार नाही तर काय? बांधलेल्या तारेचा पीळ उलटा होता.

"बघा दाजी," कानसेन खो खो हसला, "कुठल्या डावखुऱ्या गाढवानं बांधलंय हे!"

दाजी हसला नाही. ती बांधलेली तार त्यानं निरखून बघितली आणि खिशात टाकली.

कानसेननं नवी नळी टाकली. तारेला ग्रीस लावलं, मीटरकडची चार बोटं मात्र कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस चढून मीटर खराब करतं. बापानं दोघा भावंडांना याच गॅरेजात शिकवलं होतं ते. गाडी चालवून बघितली. काटा स्थिर, आवाज गायब. दिवसभर स्वारी शीळ घालत होती.

दुसऱ्या दिवशी ताई आली. एक डोळा सुजून मिटलेला, डावा हात प्लास्टरमध्ये.

डावा हात. लहानपणी बापाच्या शेजारी बसून ताई डाव्या हातानंच तारा पिळायची.

"तू होतीस?"

"मग कोण? तो कोपऱ्यावर वळला की त्या किरकिरीवरून मला कळायचं. मोरीत जाऊन कडी लावायचे. रागाचा पहिला झटका दारावर जायचा." ताईनं उघडा डोळा पदरानं पुसला. "काल आवाजच आला नाही, मी वेणी घालत गात बसले होते रे. वेणी धरूनच ओढलं त्यानं. 'कुठल्या हातानं बांधलीस?' म्हणाला, आणि बुटानं तुडवला हा हात. मोडेपर्यंत."

कानसेननं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एकदा, दोनदा. ताईनं हात धरला.

तेवढ्यात दाजी दारात. गाडी आलेली दोघांनाही ऐकू आली नव्हती, इतकं चोख काम झालं होतं.

"नाटकं पुरे, घरी चल," म्हणत त्यानं ताईचे केस पकडले. कानसेननं चाकाचा पाना उचलला.

"शपथ आहे!" ताई किंचाळली.

त्याचा हात हवेतच थांबला. डोळ्यांत पाणी आलं. आताही शपथ?

"तो पाना दे इकडे."

उजव्या हातात पाना घेऊन तिनं हिसडा मारला, मूठभर केस दाजीच्या हातात राहिले. ती थेट गाडीकडे गेली. पहिला घाव चुकून टपावर बसला. दुसऱ्यानं पुढची काच फुटली. मग आत वाकून तिनं स्पीडोमीटर ठेचायला घेतला.

"माझी गाडी!" दाजी गुरासारखा ओरडला आणि तिच्यावर धावला.

"बाळ्या," मागे न बघताच ताई म्हणाली, "शपथ सुटली!"

कानसेननं त्याला कॉलर धरून मागे खेचला. पहिल्या ठोशात नाक फुटलं, दुसऱ्यात उरलेले पुढचे दात गेले. पोटात गुडघा बसला तसा दाजी शटरवर आदळून खाली घसरला, आणि कानसेन त्याच्या छातीवर बसला. दाजीच्या तोंडातून रक्त गळत होतं, तरी रडत होता गाडीसाठीच.

शेजारचा पंक्चरवाला धावत आला. "अहो, कसला आवाज चाललाय हा? थांबवा तिला!"

"होऊ दे आवाज," कानसेन धापा टाकत म्हणाला. "डावखुरी आहे ती. उजव्या हातानं वेळ लागणारच."