बारा नगांचा दाखला

जुलैमधला सोमवार, सकाळचे साडेदहा. भंगाराची रक्कम तीन हजार सहाशे: बारा कॉम्प्युटर, नगाला तीनशे. हजर चौघं: कर्जत तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक शेळके सर, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या जाधव मॅडम, भंगारवाले दत्तूशेठ आणि मी. भिंगारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. मला बोलावलं होतं ते सहीसाठी. शाळेची वस्तू भंगारात काढायची तर ती निकामी आहे असा जाणकाराचा दाखला लागतो. दाखला टाइप करून तयार होता. सही-शिक्का तेवढा बाकी.

मी म्हणालो, "आधी बघतो."

"बघायचं काय त्यात?" दत्तूशेठ म्हणाले. "बटन दाबा आन् चा पिऊन या. तवर उघडलं तर उघडलं."

ते खोटं नव्हतं. मी घड्याळ लावलं. पहिलं मशीन वापरण्याजोगं व्हायला अकरा मिनिटं लागली. पण बाराही मशीन सुरू झाली. निकामी म्हणजे काम न करणारं. ही काम करत होती, रडतखडत का होईना. मी सही केली नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. इथला कारभारी दरवर्षी अपडेट घेऊन जड होत गेला, यंत्र मात्र दोन जीबी मेमरीचंच राहिलं. अशा यंत्राला झेपतील अशा हलक्या सिस्टिम फुकट मिळतात. जुनी काढायची, हलकी बसवायची. मी तसं सरांना सांगितलं.

"तुम्ही बसवून द्याल हो," शेळके सर म्हणाले. "महिन्याने बिघडलं की तुम्ही भिंगारात आणि आम्ही इथं. तुमच्या एका फेरीत माझा वर्षाचा खडू येतो." मग त्यांनी अट घातली. "शनिवारी मॅडमनी बसवून दाखवायचं. तुम्ही हात लावायचा नाही. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर सही करा, खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवतो."

जाधव मॅडम गेटपर्यंत सोबत आल्या. "माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मला तेवढेच महिने मिळतात. नवीन कॉम्प्युटर येणार, येणार म्हणतात. तोवर ही पोरं शाळेतून जातील."

एक मशीन मी घरी आणलं. सिस्टिम बसवणं मला वीस मिनिटांचं काम. पण बसवताना ती प्रश्न विचारते. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे भाग किती. मी मोजले, चौदा प्रश्न निघाले. सराईताला ते दिसतही नाहीत. म्हणून परीक्षेला बायकोला बसवलं. ती तिसऱ्याच प्रश्नाला थांबली.

"हे मला विचारतंय की तुम्हाला?"

"तुला."

"मग याला सांगा, मला माहीत नाही."

चौदापैकी तेरा प्रश्नांची उत्तरं सगळ्या मशीनना सारखीच होती. ती मी आधीच भरून पेनड्राईव्हवर ठेवली. चौदावा प्रश्न काढला नाही, कारण तो काढणं बरोबर नाही. तो मराठीत लिहिला: 'या मशीनवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल का?' गुरुवारी बायकोने एकटीने सिस्टिम बसवली. मी असे चार पेनड्राईव्ह तयार केले.

शनिवारी घरी नेलेलं मशीन जागेवर ठेवून मी हात मागे बांधून उभा राहिलो. दत्तूशेठ टेम्पो घेऊनच आले होते. मॅडमनी मुलांच्या फायली आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या. त्यांनी पेनड्राईव्ह पुढच्या बाजूला लावला आणि कागदावर मी लिहून दिलेली कळ दाबली. जुनीच सिस्टिम उघडायला लागली. दुसरं मशीन, तेच. तिसरं, तेच.

"मास्तर, गाडी लावू का दाराला?" दत्तूशेठनी सरांना विचारलं.

माझी खात्री झाली की पेनड्राईव्ह बनवताना मी चुकलो. मॅडमचा चेहरा उतरला. "नीट आत जात नाही हो, अर्धाच जातोय," त्या म्हणाल्या.

दारात उभे असलेले शिपाई बबनमामा घसा खाकरून म्हणाले, "आत कसा जाईल? देठ हाय ना त्यात."

"कसला देठ?"

"झेंडूचा. दसऱ्याला मीच पूजा करतो समद्यांची. कुंकू लावलं की फूल खोवायला दुसरी जागा हाय का त्या डब्याला? ती दोन भोकंच."

कितीतरी दसऱ्यांचे देठ त्या पोर्टमध्ये मोडून बसले होते, वर कुंकवाचा थर. घरी आणलेल्या मशीनलाही ते असणार. पण बायकोलाही पेनड्राईव्ह मीच लावून दिला होता, सवयीने मागच्या पोर्टला, म्हणून कळलंच नाही. चूक माझीच. तपासणी माझ्या सवयीने केली, त्यांच्या नाही.

"मामा, देव पावला म्हणायचा की कोपला?" सर म्हणाले. बबनमामा खाली बघून हसले.

मॅडमनी पेनड्राईव्ह मागे लावला. मराठी प्रश्न पडद्यावर आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, 'चालेल' निवडलं. तेवीस मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं, पंचावन्न सेकंदांत. सरांनी स्वतःच्या घड्याळावर मोजलं, मग म्हणाले, "परत बंद करून चालू करा." पुन्हा पंचावन्न.

दुपारी तीनपर्यंत अकरा मशीन झाली. बारावं अर्ध्यावर थांबलं, त्याची हार्डडिस्क सिस्टिम बसतानाच निकामी झाली. मी कशालाही हात लावला नव्हता.

मी आजवर शेकडो मशीन दुरुस्त केली असतील. पण सगळ्यात मोठा अभिमान मला या अकरांचा वाटतो, जी मी बसवली नाहीत. सप्टेंबरात मॅडमनी शेजारच्या गावच्या शाळेत त्याच पेनड्राईव्हने सहा मशीन केली. मला ते महिन्याने कळलं, कारण त्यांना मला फोन करावाच लागला नाही. धडा एवढाच: बसवणाऱ्याला विचारलेला प्रत्येक जादा प्रश्न म्हणजे बनवणाऱ्याने टाळलेलं काम.

हिशेब त्याच शनिवारी मिटला. बाराव्या नगाचा दाखला मी सही-शिक्क्यासह दिला. दत्तूशेठनी त्याचे तीनशे शाळेला दिले, पावती घेतली. शाळेने मला चार पेनड्राईव्हचे चौदाशे आणि दोन फेऱ्यांचे आठशे, एकूण बावीसशे दिले. दाखल्याचे पाचशे ठरले होते, पण ते बारा नगांचे. एका नगाचे मी घेतले नाहीत.