पीटीचा तास

"सरी सर, घ्या की!" असा अर्धा कानडी होकार देऊन पीटीचे सर गळ्यातली शिट्टी खिशात टाकायचे. शिट्टी खिशात गेली की समजायचं, नववीचा खेळाचा तास गणिताला मिळाला.

मागणारा अर्थातच मी. पोर्शन कधीच पुरा न होणारा मास्तर. तुमच्याही शाळेत एक असेलच. बंगळुरूच्या त्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी पुण्याहून आलेला, ते येलहंकाचे, कैक पिढ्यांचे इथले.

तास गेला की ते एकटेच मैदानाला फेऱ्या मारत. "रिकाम्या मैदानाला शिस्त लावताय का?" मी एकदा चिडवलं.

"पोरं बसमधनं येतात, वर्गात बसतात, बसमधनंच ट्यूशनला जातात," ते म्हणाले. "स्वल्प ऊन लागू द्या की सर. हाडं कच्ची राहतील."

"परीक्षेनंतर बघू," म्हणून मी खडू उचलला.

नववीतली एक मुलगी पाय दुखतात म्हणून सारखी बाकावर डोकं टेकायची. मी तिला नाटकी ठरवून मोकळा झालो होतो. सरांनी मात्र तिला गुडघ्यावर हात ठेवून जिना चढताना पाहिलं. त्यांनीच तिच्या आईला बोलावून डॉक्टरांकडे पाठवलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं.

मी खजील झालो. "मग तुम्ही मला तास देत का होता?"

ते म्हणाले, "बायको गेल्यापासनं घरी मराठी बोलायला कोणी नाही. तुम्ही तास मागायला येता, तेवढंच चार शब्द होतात. नाही म्हटलं तर यायचंच सोडाल, असं वाटलं. चुकलंच माझं."

चूक त्यांची नव्हती. स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी मी फक्त कामापुरतं बोललो, याची लाज मला आजही वाटते.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. सुट्टीत घरी येतो म्हणालो होतो, गेलो नाही. मे महिन्यात ते वारल्याचं शाळेच्या ग्रुपवर वाचलं.

शाळा उघडली, पण त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पीटीच्या तासाला मीच, आता दहावीत गेलेल्या त्या मुलांना मैदानावर नेलं. सगळी इमारतीच्या सावलीला चिकटून उभी राहिली.

"सर, आता काय करायचं?" त्याच मुलीनं विचारलं.

मला एकही खेळ घेता येत नव्हता. "उन्हात या," एवढंच म्हणालो. मुलं आली, आणि आम्ही सगळे तास संपेपर्यंत नुसतेच उभे राहिलो.