वायरकाकांचा टाका

वायरकाकांनी घातलेला टाका ओढून बघायची गॅरेजमध्ये कोणाची छाती नव्हती. टाका म्हणजे सोल्डरचा, दोन वायरी वितळलेल्या कथलाने जोडायचा. बाकीचे मेकॅनिक वायरी पिळतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात आणि हात झटकून मोकळे होतात. काका अशा कामाकडे बघून नाक मुरडायचे. त्यांचा टाका चकचकीत, वर काळी नळी गरम करून घट्ट आवळलेली. झाला की दोन्ही हातांनी एकदा जोरात ओढायचा आणि स्वतःशीच "हं" म्हणायचं. चौतीस वर्षं ते "हं" ऐकून गॅरेजचा मालक, म्हणजे काकांचा थोरला भाऊ, निर्धास्त राहिला. "त्याच्या टाक्याला कोणी हात लावायचा नाही," असा त्याचा नियमच होता.

भाऊ गेला आणि गॅरेज पुतणीच्या हातात आलं. पोरगी हुशार, काकांवर जीव टाकणारी. पण गाड्यांचं तंत्रच बदललं होतं. आता हायब्रीड गाड्या यायच्या. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच पोटात. काका तपासायला वाकले की इंजिन आपलं आपण बंद, उठले की चालू. "जावयाची जात आहे," काका वैतागून म्हणायचे.

अशाच एका टॅक्सीने त्यांच्या नाकी नऊ आणले. धुराच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो बिघडला की पिवळा दिवा लागतो, आणि दिवा लागलेली टॅक्सी धुराच्या तपासणीत पास होत नाही. काकांनी दोनदा नवा सेन्सर बसवला. दोन्ही वेळा गाडी पंधरा दिवस शहाण्यासारखी वागली आणि दिवा परत हजर.

"काका, राग मानू नका," पुतणी म्हणाली, "पण या वेळी नाही जमलं, तर वायरिंगचं काम बाहेर द्यावं लागेल. ती माणसं त्यांचा कॉम्प्युटर घेऊन इथेच बसतील."

इथे म्हणजे काकांच्या कोपऱ्यात. घरी हे सांगितल्यावर काकूंनी डोक्याला हात लावला. "घरी बसलात तर माझा चांगला चालणारा मिक्सर खोलून ठेवाल," त्या म्हणाल्या, आणि मग पटकन आत निघून गेल्या. हसण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी काका गाडीखाली शिरले. फ्यूज बघितला, शाबूत. सेन्सरला तापवणाऱ्या वायरीत वीज येत होती. अर्थिंगची जोडणी पक्की होती. प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंतची एकेक वायर मीटर लावून मोजली, कुठे तुटलेली नाही, कुठे घासलेली नाही. सगळं ठीक, आणि सेन्सर मात्र मेल्यासारखा. काकांनी हात टेकले आणि तिसरा सेन्सर खोक्यातून काढला.

या सेन्सरला स्वतःचा प्लग नसतो. जुन्या सेन्सरचा प्लग कापून नव्याच्या वायरींना जोडायचा असतो. काकांनी सोल्डरिंगची सळई तापवली. खोक्यात सूचनेचा कागद येतो, त्याला सळईचं टोक पुसायची त्यांची जुनी सवय. कागद मऊ असतो, कामाला बरा. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवरच होता म्हणून चित्र दिसलं. वायर, तिच्यावर धरलेली सळई आणि दोन्हींवर लाल फुली.

काकांनी कागद उलगडला आणि ओठ हलवत वाचला. धुराशी ताडून बघायला या सेन्सरला बाहेरची हवा लागते, आणि ती हवा वायरीतल्या बारीक तारांच्या फटींतून आत जाते. वायर सोल्डर करू नये. टाका जितका चांगला, तितकी फट पक्की बुजलेली.

सळईचं बटण बंद करून त्यांनी तारा धातूच्या नळीत घालून पकडीने दाबल्या. कोणीही करील असं काम. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, तर काटा लहान मुलासारखा नाचत होता. सेन्सर जिवंत होता.

पुतणी धावत आली. "जमलं ना? मला ठाऊक होतं! जुने दोन सेन्सर द्या इकडे. त्या दुकानदाराच्या तोंडावर मारते. खराब माल विकतो मेला!"

आता फक्त गप्प बसायचं होतं. कोपरा वाचला होता. काकांनी तो कागद तिच्या हातात दिला.

तिने वाचलं, परत वाचलं. "म्हणजे या आधीच्या गाड्या..."

"सगळ्या. हे सेन्सर बसवायला लागलो त्या आठ वर्षांतल्या सगळ्या. त्या नर्सबाई आठवतात? त्यांच्या गाडीचा दिवा जाईना, तेव्हा मी सांगितलं, इंजिनच गेलंय. त्यांनी गाडी भंगारात घातली."

"मी प्रत्येक वेळी सगळं तपासलं, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचा टाका तेवढा तपासला नाही. बाबांनी सांगितलं होतं ना."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिने बाहेरच्या माणसांना फोन लावला आणि सोमवारपासून या म्हणाली. बोलताना तिची पाठ काकांकडे होती.

काकांनी कोपरा आवरायला घेतला. मरणाची लाज वाटत होती. डब्याच्या तळाशी जुना सेन्सर पडला होता, काळ्या नळीसकट. सवयीने त्यांनी टाका दोन्ही हातांत धरून जोरात ओढला. तो सुटला नाही. त्यांनी पुन्हा ओढला, अंगातलं सगळं बळ लावून ओढला, आणि तरीही तो सुटला नाही.