शाप देणाऱ्या बापाची तालीम

तमाम रसिकजनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नगरच्या एका नाट्यगृहात, भरल्या सभागृहासमोर, ज्या नराधमाने पोटच्या पोरीला ‘तू मला मेलीस’ असे ठणकावून सांगितले, तो नराधम मीच.

नाटक म्हणजे जुन्या धाटणीची शोकांतिका. मी गढीचा सरदार. माझी लेक नाटकातही माझी लेक, शिवाय दिग्दर्शक तीच. पहिल्या अंकात सरदाराचं तिच्यावाचून पान हलत नाही. दुसऱ्यात ती मनाविरुद्ध लग्न करते आणि तो ‘तू मला मेलीस’ म्हणून तिला दाराबाहेर काढतो. शेवटच्या अंकात ती खरंच मेलेली असते, आणि तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसतो.

तालमी आमच्याच हॉलमध्ये. पहिल्या दिवशी ते वाक्य अर्धं बाहेर पडलं असेल-नसेल, बायको लाटण्यासकट हजर. “तिन्हीसांजेचं घरात असलं अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते.”

मी हसलो. जरा जास्तच मोठ्याने हसलो. पण त्यानंतर वाक्य काही घशातून निघेना. मग मी डोळे लाल करून, हात थरथरवत गरजायचो, “चालती हो! तू मला शंभर वर्षं जगलीस!”

लेक कपाळाला हात लावायची. “बाबा, हा शाप आहे की वाढदिवस?”

शेवटी स्कूटर काढली, केडगावच्या पुढं माळावर गेलो आणि एकदाचं ते वाक्य ओरडलो. रस्त्यानं चाललेल्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “काका, कोन मेलं वो?”

“कुणी नाही!” मी किंचाळलो. तो गेल्यावर आभाळाकडे बघून म्हणालो, “नाटकातलं होतं, बरं का.” आभाळाचा काय भरवसा!

प्रयोगाच्या दिवशी दुपारी लेकीचं अंग तापलं. गोळी घेऊन ती उभी राहिली. विंगेत मी हळूच म्हणालो, “आज ते वाक्य गाळू या का?”

“ते गाळलंत तर मी मरू कशानं?” माझी सुटलेली मिशी चिकटवत ती म्हणाली. 

वाक्य म्हटलं. तिनं शिकवलं होतं तसं, पोटातून म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी माणसं एकदम तथास्तु म्हणाल्यासारखी वाटली.

पुढचे प्रवेश कसे झाले, देव जाणे. शेवटी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुपारी तव्यासारखं तापलेलं कपाळ आता गारढोण, घामानं चिंब. छाती वर-खाली होताना दिसेना. शेल्याखालून तिच्या दंडाला चिमटा काढला. हलली नाही. दुसरा काढला, चांगला पिळून. तरी नाही. माझं भाषण पार पुसलं गेलं. पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले होते. त्यांना वाटत होतं, काय हा नट!

“ऊठ गं पिल्ल्या! खड्ड्यात गेलं नाटक!” मी तिला गदागदा हलवत ओरडलो.

त्यावर मयत मुलगी, डोळे मिटलेलेच ठेवून, वर टांगलेल्या माइकमधून मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात खेकसली, “बाबा, मेलेय मी! गप रडा ना!”