फुकटच्या फोनवरचा टॅक्स

मंडळी, मला अक्षरओळख नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या धरा.

आज इथे अमेरिकेत, मुलाबरोबर सनीव्हेलच्या मॉलमध्ये ह्यांच्यासाठी मोबाइल घ्यायला गेलो. हल्ली हे फिरायला जातात आणि घर विसरतात. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं की फोन फुकट. पण दुकानातली मुलगी म्हणाली, कॅलिफोर्नियात टॅक्स मात्र फोनच्या पूर्ण किमतीवर लागतो.

मी मनात हसले. आमच्या ह्यांची अख्खी नोकरी विक्रीकर खात्यात गेलेली. आता ही पोरगी काही सुटत नाही.

"अहो, फुकटच्या वस्तूवर टॅक्स लावतेय. बोला की काहीतरी," मी डिवचलं.

"मागतात ते देऊन टाका," हे म्हणाले.

मुलाने पैसे भरले आणि फोन ह्यांच्या हातात दिला. "बाबा, यात घरचा नंबर टाकलाय. रस्ता चुकलात तर लावा, आई उचलेल."

"ती कशी उचलेल? ती सांगलीला असते." हे बोलताना माझाच हात घट्ट धरून उभे होते.

तुमच्या घरी कुणी असं बोललं, तर तुम्ही दुरुस्त करता, की हो म्हणता?